एवढासा रेग्युलेटर इतका का तापतो?

पुढे सांगितलेला प्रसंग कोणत्याही शाळेत घडण्यासारखा आहे. कदाचित तुमच्याही शाळेत घडला असेल.

आठवी-नववीच्या तीन मुलांनी विज्ञान प्रदर्शनासाठी एक प्रतिकृती तयार केली. चार वाफे, प्रत्येक वाफ्यात मातीचा ओलावा मोजणारी एकेक पट्टी आणि प्रत्येक वाफ्यासाठी एकेक छोटा पंप. माती सुकली की त्या वाफ्याचा रिले लागतो आणि पंप सुरू होतो. पंपांसाठी वेगळी बॅटरी होती. या सगळ्यावर देखरेख करणारा मेंदू म्हणजे आर्डुइनो ऊनो हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड. घरी संगणकाला केबल जोडून मुलांनी आठवडाभर प्रतिकृती चालवून पाहिली. एकदाही चूक झाली नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी टेबलावर संगणक नव्हता. म्हणून मुलांनी १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर बोर्डाच्या गोल सॉकेटात खुपसला. प्रतिकृती सुरू झाली. पहिला रिले लागला, दुसरा, तिसरा, चौथाही लागला. मिनिट-दोन मिनिटे सारे ठीक चालले. मग एकदम चारही रिले ‘टक्’ करून सुटले, पडदा मालवला आणि क्षणभराने त्यावर पुन्हा सुरुवातीचा ‘नमस्कार’ उमटला. पुन्हा रिले लागले, पुन्हा सुटले, पुन्हा ‘नमस्कार’! परीक्षक म्हणाले, “तुमच्या प्रोग्रॅममध्ये चूक दिसते.” मुले हिरमुसली. घरी येऊन त्यांनी तोच प्रोग्रॅम पुन्हा चालवला, तर तो निर्धोक चालला!

चूक प्रोग्रॅममध्ये नव्हतीच. ती होती एका साध्या गुणाकारात. तो गुणाकार प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी कोणी केला असता, तर मुलांची मेहनत वाया गेली नसती. तो कसा करायचा हे या लेखात आपण पाहू.

रेग्युलेटर करतो काय?

आर्डुइनोचा जन्म २००५ साली इटलीतील इव्रेआ या गावी झाला. तेथील रचनाशास्त्राच्या एका संस्थेत, इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या विद्यार्थ्यांनाही वापरता यावा असा स्वस्त बोर्ड हवा होता, म्हणून तो तयार केला गेला. त्याचा ऊनो हा प्रकार २०१० साली आला आणि आज शाळाशाळांत दिसतो तो बहुधा हाच, किंवा याचीच नक्कल.

या बोर्डावरील मुख्य चिप, ॲटमेगा ३२८पी, ५ व्होल्ट दाबावर चालते. ५.५ व्होल्टच्या वर दाब गेलेला तिला चालत नाही. पण आपल्या हाताशी असतात ते अ‍ॅडॅप्टर ९ किंवा १२ व्होल्टचे. जुन्या पद्धतीचा, ट्रान्सफॉर्मर असलेला जड अ‍ॅडॅप्टर तर आणखी गंमत करतो. त्यावर ९ व्होल्ट लिहिलेले असते, पण त्यावर भार कमी असला तर तो १२-१३ व्होल्टसुद्धा देतो. तेव्हा बाहेरचा दाब कितीही असो, आत मात्र नेमके ५ व्होल्टच जावेत, अशी व्यवस्था हवी. ही व्यवस्था करणारा घटक म्हणजे व्होल्टेज रेग्युलेटर.

तुमच्याकडे ऊनो बोर्ड असेल तर गोल सॉकेटाच्या जवळ पाहा. एका बाजूला तीन पाय आणि दुसऱ्या बाजूला एक रुंद धातूची पट्टी असलेला, काळ्या रंगाचा, हरभऱ्याच्या डाळीएवढा चौकोनी तुकडा दिसेल. तोच रेग्युलेटर. त्यावर बहुधा १११७ हा आकडा असतो.

त्याच्या आत एक ट्रान्झिस्टर असतो. अ‍ॅडॅप्टरकडून येणारा सर्व विद्युतप्रवाह या ट्रान्झिस्टरमधूनच पुढे जातो. एक छोटे मंडल बाहेर पडणारा दाब सतत तपासत असते. दाब ५ व्होल्टपेक्षा वाढू लागला की ते ट्रान्झिस्टरचा रोध वाढवते आणि कमी होऊ लागला की रोध घटवते. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या नळावर हात ठेवून एखाद्याने बादलीतील पाण्याची पातळी सारखी राखावी, तसेच हे काम आहे. फरक एवढाच की हा पहारेकरी सेकंदाला हजारो वेळा नळ कमी-जास्त करतो.

आता प्रश्न असा, की १२ व्होल्टमधले ५ व्होल्ट पुढे गेले, तर उरलेल्या दाबाचे काय झाले?

घाट उतरणारा ट्रक

मालाने भरलेला ट्रक कसारा घाट उतरताना तुम्ही पाहिला असेल. वेग वाढू नये म्हणून चालक ब्रेक लावत लावत खाली येतो. पायथ्याशी पोचेपर्यंत ब्रेक इतके तापतात की जळका वास येतो. ट्रकचा वेग वर जेवढा होता तेवढाच खालीही आहे. मग उंचीमुळे असलेली ऊर्जा गेली कोठे? ती सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन गेली. घाट जितका उंच आणि ट्रकमध्ये माल जितका जास्त, तितकी ही उष्णता जास्त.

रेग्युलेटर हा असाच ब्रेक आहे. घाटाची उंची म्हणजे आत येणारा दाब आणि बाहेर जाणारा दाब यांतील फरक. ट्रकमधला माल म्हणजे विद्युतप्रवाह. दर सेकंदाला निर्माण होणारी उष्णता, म्हणजेच वाया जाणारी शक्ती, पुढील सूत्राने मिळते :

वाया जाणारी शक्ती (वॅट) = दाबातील फरक (व्होल्ट) × प्रवाह (अँपिअर)

हाच तो गुणाकार. यातील दोन्ही अंक महत्त्वाचे आहेत. नुसता दाब जास्त असून प्रवाह थोडा असेल, तर फारसे बिघडत नाही. नुसता प्रवाह जास्त असून फरक लहान असेल, तरीही चालून जाते. दोन्ही एकदम वाढले की घात होतो.

मुलांच्या प्रतिकृतीचा हिशोब

प्रथम प्रवाह मोजू. बोर्ड स्वतः सुमारे ५० मिलिअँपिअर घेतो. ५ व्होल्टच्या नेहमीच्या निळ्या रिलेच्या वेटोळ्याचा रोध ७० ओहम असतो. ओहमच्या नियमाने ५ भागिले ७०, म्हणजे सुमारे ७१ मिलिअँपिअर. असे चार रिले एकदम लागले की सुमारे २८५. पडदा आणि ओलाव्याच्या पट्ट्या मिळून १५ धरू. एकूण ३५० मिलिअँपिअर, म्हणजे ०.३५ अँपिअर.

आता दाब. अ‍ॅडॅप्टरची तारे उलटी जोडली गेली तर बोर्ड जळू नये म्हणून सॉकेटानंतर लगेच एक डायोड बसवलेला असतो. त्यात सुमारे ०.७ व्होल्ट खर्च होतात. म्हणून १२ व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरपासून रेग्युलेटरपर्यंत ११.३ व्होल्ट पोचतात. त्यांतले ५ पुढे जातात. फरक राहिला ६.३ व्होल्ट.

६.३ × ०.३५ = सुमारे २.२ वॅट.

“२.२ वॅट म्हणजे काय मोठेसे? घरातला रात्रीचा दिवासुद्धा याहून मोठा असतो,” असे तुम्ही म्हणाल. पण ही उष्णता किती जागेत कोंडली आहे, ते पाहा. या रेग्युलेटरचे अंग सुमारे ६.५ मिलिमीटर लांब आणि ३.५ मिलिमीटर रुंद असते. क्षेत्रफळ एक चौरस सेंटिमीटरच्या पावभागाहूनही कमी. २.२ वॅटला या क्षेत्रफळाने भागले, तर दर चौरस सेंटिमीटरला साडेनऊ वॅटहून अधिक येतात. घरची १००० वॅटची इस्त्री घ्या. तिच्या तळपत्र्याचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर धरले, तर दर चौरस सेंटिमीटरला ५ वॅट होतात. म्हणजे या डाळीएवढ्या तुकड्यावर इस्त्रीच्या जवळजवळ दुप्पट भार पडला!

उष्णतेचा प्रवास

निर्माण झालेली उष्णता बाहेर पडायला वाट हवी. रेग्युलेटरच्या पोटातील सिलिकॉनच्या तुकड्यापासून ती रुंद धातूच्या पट्टीत जाते, पट्टीतून बोर्डावरील तांब्याच्या पातळ थरात पसरते आणि तांब्यापासून हवेत जाते. या प्रत्येक टप्प्यावर उष्णतेला अडथळा होतो. प्रवाहाला जसा रोध, तसा उष्णतेला औष्णिक रोध. एक वॅट उष्णता सतत निर्माण होत असताना सिलिकॉनचे तापमान भोवतालच्या हवेपेक्षा किती अंशांनी वाढते, यावरून तो मोजतात. त्याचे एकक ‘अंश सेल्सिअस दर वॅट’ असे आहे.

तांब्याचा थर अगदी लहान असेल तर अशा आकाराच्या रेग्युलेटरचा औष्णिक रोध सुमारे १६० अंश दर वॅट असतो, असे त्याच्या माहितीपत्रकात दिलेले आहे. तांबे जास्त असेल तर तो बराच कमी होतो. आपल्या हिशोबासाठी आपण ७० अंश दर वॅट धरू. बोर्डाबोर्डाप्रमाणे हा आकडा बदलेल. स्वस्तातल्या नकली बोर्डावर तांबे कमी असेल तर तो जास्तही असेल. तुमच्या बोर्डासाठी हा आकडा काढायचा प्रयोग पुढे दिला आहे.

तापमानाचे सूत्र असे :

सिलिकॉनचे तापमान = हवेचे तापमान + (वॅट × औष्णिक रोध)

प्रदर्शनाच्या सभागृहात ३० अंश तापमान होते असे समजू. ३० + (२.२ × ७०) = ३० + १५४ = १८४ अंश! या रेग्युलेटरने नीट काम करण्याची मर्यादा आहे १२५ अंश. मुलांचे यंत्र का बंद पडले, हे आता उघड आहे.

घरी मात्र ते का चालले? कारण संगणकाच्या यूएसबी केबलमधून मुळात ५ व्होल्टच येतात. ते रेग्युलेटरमधून जातच नाहीत. घाटच नाही, तर ब्रेक कशाला तापतील?

डिसेंबरात चालते, मे महिन्यात नाही

आता याच प्रतिकृतीला ९ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर जोडला असता तर? फरक राहिला असता ९ वजा ०.७ वजा ५, म्हणजे ३.३ व्होल्ट. ३.३ × ०.३५ = १.१५५ वॅट. तापमानातील वाढ सुमारे ८१ अंश. ३० अंशांच्या हवेत सिलिकॉन १११ अंशांवर राहील. मर्यादेच्या आत, पण थोडक्यात.

हीच प्रतिकृती मे महिन्यात चंद्रपुरात किंवा अकोल्यात चालवा. हवा ४५ अंश. ४५ + ८१ = १२६. मर्यादा ओलांडली! म्हणजे एकच बोर्ड, एकच प्रोग्रॅम, एकच अ‍ॅडॅप्टर. पण हिवाळ्यात चालणारे यंत्र उन्हाळ्यात बेभरवशाचे होते. त्यातून बोर्ड बंद प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवून शेतात उन्हात टांगला असेल, तर डब्यातील हवा बाहेरच्या हवेपेक्षाही तापलेली असते. ‘हवेचे तापमान’ म्हणजे बोर्डाला लागून असलेल्या हवेचे तापमान, हे विसरू नका.

औष्णिक रोध ७० अंश दर वॅट आणि मर्यादा १२५ अंश धरून, कोणत्या अ‍ॅडॅप्टरवर जास्तीत जास्त किती प्रवाह घेता येईल, ते पुढील कोष्टकात दिले आहे. यात बोर्डाचे स्वतःचे ५० मिलिअँपिअर धरलेले आहेत.

अ‍ॅडॅप्टर ७.५ व्होल्ट : हवा ३० अंश असता ७५० मिलिअँपिअर; ४५ अंश असता ६३०
अ‍ॅडॅप्टर ९ व्होल्ट : हवा ३० अंश असता ४१०, ४५ अंश असता ३४५
अ‍ॅडॅप्टर १२ व्होल्ट : हवा ३० अंश असता २१५, ४५ अंश असता १८०
अ‍ॅडॅप्टर २० व्होल्ट : हवा ३० अंश असता ९५, ४५ अंश असता ८०

हे आकडे टोकाच्या मर्यादेचे आहेत. प्रत्यक्षात त्यांच्या निम्म्या-पाऊण भागापर्यंतच जावे. तापमान दर १० अंशांनी वाढले की इलेक्ट्रॉनिक घटकांचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा एक ढोबळ नियम तंत्रज्ञ मानतात.

‘१ अँपिअर’ याचा खरा अर्थ

रेग्युलेटरच्या माहितीपत्रकात ‘१ अँपिअर’ असे लिहिलेले असते. ते वाचून अनेकांची फसगत होते. १२ व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरवर १ अँपिअर घेतला तर ६.३ वॅट उष्णता होईल आणि आपल्या सूत्राप्रमाणे तापमान ४४१ अंशांनी वाढेल! तितके तापण्याआधीच रेग्युलेटर बंद पडेल. मग माहितीपत्रक खोटे आहे का? नाही. १ अँपिअर ही प्रवाहाची मर्यादा आहे. उष्णतेची मर्यादा वेगळी आहे. दोन्ही पाळायच्या असतात आणि जी आधी गाठली जाईल ती खरी. पुलावर ‘कमाल वजन १० टन’ आणि ‘कमाल उंची ३ मीटर’ अशा दोन पाट्या असतील, तर वजन कमी आहे म्हणून उंच ट्रक पलीकडे जाईल का?

‘२० व्होल्ट’ या आकड्याचेही तसेच. ऊनोच्या रेग्युलेटरला २० व्होल्टपर्यंत दाब सोसतो, पण बनवणारे ७ ते १२ व्होल्टच सुचवतात. यातील १२ ची मर्यादा उष्णतेमुळे आहे, हे आता तुम्हीच सांगू शकाल. मग ७ ची कशामुळे? रेग्युलेटरला काम करण्यासाठी स्वतःकरिता निदान १.२ व्होल्टचा फरक लागतो. ५ अधिक १.२ अधिक डायोडचे ०.७, बेरीज ६.९. म्हणून ७! आणखी एक इशारा : १११७ हा आकडा असलेले सर्वच रेग्युलेटर २० व्होल्ट सोसत नाहीत. काही कंपन्यांच्या १११७ ची मर्यादा १५ व्होल्टच असते.

आपोआप बंद होणारा पहारेकरी

मुलांचा रेग्युलेटर जळला नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. तो बंद पडला आणि पुन्हा सुरू झाला. हे कसे घडले?

सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरचा एक गुणधर्म असा, की तो चालू होण्यासाठी लागणारा दाब तापमानाबरोबर घटत जातो. दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने. थंड असताना त्याला सुमारे ०.६ ते ०.७ व्होल्ट लागतात. दीडशे अंशांच्या पुढे ०.४ व्होल्टच्या आसपास पुरतात. रेग्युलेटरच्या त्याच सिलिकॉनच्या तुकड्यावर एक छोटा ट्रान्झिस्टर ठेवून त्याला कायम एवढाच थोडा दाब दिला, तर एरवी तो झोपून राहील. पण तुकडा फार तापला की तो जागा होईल आणि मुख्य ट्रान्झिस्टर बंद करील. बॉब विडलर या कल्पक अमेरिकन अभियंत्याने १९७० च्या सुमारास एलएम १०९ नावाचा ५ व्होल्टचा तीन पायांचा रेग्युलेटर तयार केला. त्यात अशी व्यवस्था होती. त्यानंतरच्या रेग्युलेटरांत ती नित्याचीच झाली.

तेव्हा प्रदर्शनात घडले ते असे. दीडशे अंशांच्या पुढे गेल्यावर पहारेकऱ्याने प्रवाह तोडला. रिले सुटले, मायक्रोकंट्रोलर बंद पडला. उष्णता थांबल्यामुळे तुकडा निवू लागला. पुरेसा निवल्यावर पहारेकऱ्याने पुन्हा वाट मोकळी केली आणि मायक्रोकंट्रोलरने प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून सुरू केला. म्हणून पुन्हा ‘नमस्कार’! सुरू झाल्याबरोबर यंत्र बंद पडत नाही, कारण तांबे आणि प्लॅस्टिक तापायला वेळ लागतो. तेव्हा खूण लक्षात ठेवा : यंत्र सुरुवातीला नीट चालते, तापल्यावर बंद पडते, निवल्यावर पुन्हा चालते, असे असेल तर प्रोग्रॅम तपासण्यापूर्वी रेग्युलेटर तपासा.

मात्र हा पहारेकरी संकटकाळासाठी आहे, रोजच्या कामासाठी नाही. वारंवार इतके तापणे रेग्युलेटरला आणि त्याच्या शेजारच्या घटकांना मानवत नाही.

मग करावे काय?

१. घाटाची उंची कमी करा. १२ ऐवजी ९ किंवा ७.५ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर घ्या. एवढ्यानेच पुष्कळदा काम होते.

२. घाटच टाळा. मोबाइलचा चांगला ५ व्होल्टचा चार्जर बोर्डाच्या यूएसबी सॉकेटात जोडा. या वाटेवर ५०० मिलिअँपिअरचा, आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज असतो. त्याच्या आत राहा. मुलांची प्रतिकृती ३५० मिलिअँपिअर घेत होती. तेव्हा प्रदर्शनातील कोणाचाही चार्जर मागून आणला असता, तर ती दिवसभर चालली असती!

३. माल दुसऱ्या ट्रकमध्ये भरा. रिले, सर्वो मोटर, रंगीत दिव्यांच्या माळा यांना ५ व्होल्टचा स्वतंत्र पुरवठा द्या आणि दोन्ही पुरवठ्यांची ऋण तार, म्हणजे ‘ग्राउंड’, एकमेकांना जोडा. छोटी सर्वो मोटर अडकली तर एकटीच अर्ध्या अँपिअरहून जास्त प्रवाह ओढते. रंग बदलणाऱ्या माळेतील एकेक दिवा पूर्ण पांढरा लागला की सुमारे ६० मिलिअँपिअर घेतो. अशी ओझी बोर्डाच्या रेग्युलेटरवर टाकूच नयेत.

४. ब्रेक न लावता उतरा. स्विचिंग किंवा ‘बक’ रेग्युलेटर ही वेगळीच युक्ती आहे. कुंभार चाकाला काठीने चार फेरे देतो आणि काठी काढून घेतो. जड चाक साठलेल्या ऊर्जेवर फिरत राहते. वेग मंदावला की पुन्हा काठी. बक रेग्युलेटर तारेच्या वेटोळ्याला असेच प्रवाहाचे धक्के देतो, सेकंदाला लाख-दीड लाख वेळा किंवा त्याहूनही जास्त. वेटोळे ऊर्जा साठवते आणि पुढे सारखा प्रवाह देते. ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण चालू असतो किंवा पूर्ण बंद, म्हणून त्यात उष्णता फार थोडी होते. एलएम २५९६ ही चिप असलेले असे तयार तुकडे बाजारात स्वस्तात मिळतात. पण जोडण्यापूर्वी त्याचा दाब मल्टिमीटरने नेमका ५ व्होल्ट करून घ्यायला विसरू नका.

बोर्ड बनवणाऱ्यांनीही हाच मार्ग धरला. २०१२ साली आलेल्या पहिल्या रास्पबेरी पाय संगणकात साधे रेग्युलेटर होते. २०१४ च्या बी प्लस प्रकारात त्यांच्या जागी स्विचिंग रेग्युलेटर आले आणि अर्धा ते एक वॅट वाचला. २०२३ साली निघालेल्या ऊनो आर४ या बोर्डावरही बक रेग्युलेटर आहे. त्यामुळे तो २४ व्होल्टपर्यंतचा पुरवठा घेऊ शकतो.

रेग्युलेटरवर अ‍ॅल्युमिनियमचा छोटा पंखेदार तुकडा चिकटवला तर? थोडा उपयोग होतो, पण फार नाही. कारण उष्णतेची मोठी वाट पट्टीतून तांब्याकडे आहे, वरच्या प्लॅस्टिकमधून नाही. पट्टीला धातू लावणार असाल तर सावधान! १११७ ची पट्टी ५ व्होल्टला जोडलेली असते. तिचा ग्राउंडला स्पर्श झाला तर शॉर्ट होईल. जुन्या ७८०५ रेग्युलेटरची पट्टी मात्र ग्राउंडला जोडलेली असते, म्हणून ती सवय येथे चालणार नाही.

करून पाहा

साहित्य : ऊनो बोर्ड, ९ व्होल्टचा स्थिर दाब देणारा अ‍ॅडॅप्टर, १०० ओहमचे अर्ध्या वॅटचे चार रोधक, एलएम ३५ हा तापमापक, मल्टिमीटर, ब्रेडबोर्ड, कपड्यांना लावायचा लाकडी चिमटा, घड्याळ.

कृती : एलएम ३५ ला बोर्डावरील ५ व्होल्ट आणि ग्राउंड जोडा. त्याचा मधला पाय मल्टिमीटरला जोडा. तो दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे ०.४५ व्होल्ट दिसले की तापमान ४५ अंश. त्याची सपाट बाजू रेग्युलेटरवर टेकवून चिमट्याने धरा. त्याचे पाय रेग्युलेटरच्या पट्टीला लागू देऊ नका. प्रथम अ‍ॅडॅप्टर लावून काहीही न जोडता पाच मिनिटांनी तापमान लिहा. मग बोर्डावरील ५ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यामध्ये एक रोधक जोडा. तो ५० मिलिअँपिअर घेईल. पाच मिनिटांनी तापमान लिहा. असेच दोन, तीन आणि चार रोधक समांतर जोडून करा.

एकूण प्रवाह अनुक्रमे सुमारे ५०, १००, १५०, २०० आणि २५० मिलिअँपिअर होईल. प्रत्येकाला ३.३ ने गुणून वॅट काढा : ०.१७, ०.३३, ०.५०, ०.६६ आणि ०.८३. आलेखपत्रावर आडव्या अक्षावर वॅट आणि उभ्या अक्षावर तापमान घ्या. बिंदू साधारण एका सरळ रेषेत येतील. त्या रेषेचा चढ म्हणजे तुमच्या बोर्डाचा औष्णिक रोध. हा पृष्ठभागावरचा आकडा आहे. आतील सिलिकॉन आणखी तापलेले असते, म्हणून खरा आकडा थोडा जास्त धरावा.

सूचना : रोधक आणि रेग्युलेटर यांना बोट लावू नका, साठ अंशांच्या वर चटका बसतो. ८० अंश दिसले की प्रयोग थांबवा. घरातील २३० व्होल्टची वीज या प्रयोगात कोठेही आणू नका.

स्वाध्याय

१. एका बोर्डाला गोल सॉकेटातून ९ व्होल्ट मिळतात. त्यावर प्रत्येकी १५ मिलिअँपिअर घेणारे आठ दिवे आहेत. हवा ३० अंश. सिलिकॉनचे तापमान किती होईल?

२. रंगीत माळेतील १० दिवे पूर्ण पांढरे लावायचे आहेत. १२ व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरवर बोर्डाचा रेग्युलेटर हे काम करील का?

३. मुलांच्या प्रतिकृतीला ८० टक्के कार्यक्षमतेचा बक रेग्युलेटर लावला. उष्णतेत किती वॅट जातील?

४. प्रयोगात ०.३३ वॅटला ५० अंश आणि ०.६६ वॅटला ७० अंश आले. औष्णिक रोध किती?

उत्तरे : १. प्रवाह १७० मिलिअँपिअर, ०.५६ वॅट, सुमारे ६९ अंश. चालेल. २. प्रवाह ६५० मिलिअँपिअर, सुमारे ४.१ वॅट, वाढ २८७ अंश. अशक्य, माळेला वेगळा पुरवठा द्या. ३. उपयोगी शक्ती ५ × ०.३५ = १.७५ वॅट, घेतलेली १.७५ भागिले ०.८ = सुमारे २.१९ वॅट, उष्णतेत ०.४४ वॅट. साध्या रेग्युलेटरच्या पंचमांश! ४. २० भागिले ०.३३ = सुमारे ६० अंश दर वॅट.

पुढच्या वेळी प्रतिकृती घेऊन निघाल, तेव्हा तारा, गोंद आणि कात्रीबरोबर एक कागद ठेवा. त्यावर प्रत्येक भाग किती मिलिअँपिअर घेतो ते लिहा, बेरीज करा आणि दाबातील फरकाने गुणा. शिक्षकांनीही परीक्षण करताना मुलांकडे हा कागद मागावा. यंत्र बंद पडले, तर दोष कोठे शोधायचा हे तो कागदच सांगेल.